डबीवरचा तपकिरी त्रिकोण

मे महिन्यात नागपुरातल्या बाईला हॉट फ्लश, म्हणजे पाळी जाण्याच्या वयात अंगात उसळणाऱ्या उष्णतेच्या लाटा, येतात की नाही, हे ठरवायचं कसं? हा प्रश्न मी ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना अर्धा थट्टेत, अर्धा खरोखर विचारला होता. बाहेर पारा पंचेचाळीसवर, कूलरची टाकी कोरडी पडत आलेली आणि कानशिलं, मान, छाती पेटल्यासारखी. त्यांनी सांगितलेली खूण साधी होती. उन्हाची तलखी उतरायला वेळ घेते. ही लाट मात्र काही मिनिटांत येऊन जाते, मागे घाम आणि एकदम हुडहुडी ठेवते. आणि ती डिसेंबरातही येते, अख्खं घर स्वेटर घालून बसलेलं असतं तेव्हा.

माझ्या वहिनींना ती डिसेंबरातच आली. रात्री दोन वाजता उठून गॅलरीचं दार उघडायच्या, दादा थंडीनं कुडकुडत ओरडायचा. शिवाय पाळी येण्याआधी आठवडाभर छाती इतकी ठणकायची की स्कूटरवर गतिरोधक आला तरी जीव जायचा. पाळी लांबत होती, मधेच दोनदा येत होती. वय एकोणपन्नास. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, म्हणजे यात जगावेगळं काही नव्हतं. पण जगावेगळं नसलेलं दुखणंही दुखतंच. त्या एका दवाखान्यात जाऊन आल्या. हातात आलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ईव्हनिंग प्रिमरोझ ऑइल, एक हजार मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, तीन महिने.

ही गोळी आता आपल्या शहरातल्या मध्यमवर्गीय बाईच्या पर्समध्ये सहज सापडते. पिवळी, पारदर्शक, बोटांत दाबली तर किंचित दबणारी, उजेडात धरली की आत तेल हलताना दिसतं. छाती दुखते, घे. चिडचिड होते, घे. चेहऱ्यावर फोड आले, लेकीलाही दे. भिशीच्या गटात एकीनं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी तिघींनी गांधीबागेतल्या दवाबाजारातून स्वस्तात आणलेली असते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातली कुठलीही बाटली, डबी, पाकीट शेवटी माझ्याकडे वाचायला येतं. ही डबीही आली. वहिनींनी विचारलं, “ताई, हे नेमकं आहे तरी काय?”

हे एका रानफुलाच्या बियांचं तेल आहे. झाड मूळचं उत्तर अमेरिकेतलं. पिवळी फुलं दिवस मावळताना उमलतात, रात्री पतंगांची वाट बघतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटतात. बी अगदी बारीक, राजगिऱ्याची आठवण व्हावी एवढी. तिच्या तेलात सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा असतो लिनोलेइक आम्लाचा. आता हे लिनोलेइक आम्ल काही दुर्मीळ नाही. विदर्भातलं अर्धं शिवार ज्या सोयाबीननं भरलेलं असतं, त्याच्या तेलातही ते निम्म्याच्या आसपास असतं. म्हणजे त्या महागड्या गोळीतला बराचसा ऐवज वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या पंधरा किलोच्या डब्यात आधीच होता. फरक फक्त आठ-दहा टक्क्यांत. तो असतो गॅमा लिनोलेनिक आम्लाचा, आणि सगळी कहाणी त्याच्याभोवती रचलेली आहे.

कहाणी अशी. आपलं शरीर साध्या लिनोलेइक आम्लापासून एका वितंचकाच्या (एन्झाइमच्या) मदतीनं हे गॅमा आम्ल बनवतं, त्यातून पुढे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि ती सूज, वेदना, रक्तवाहिन्या अशा कितीतरी गोष्टींवर ताबा ठेवतात. वय, आजार, ताण यांनी ते वितंचक मंदावलं तर पुढचा माल कमी पडणार. मग गॅमा आम्ल थेट बाहेरूनच दिलं तर? मधला अडलेला नाका चुकवून गाडी पुढे. फळ्यावर काढायला हे इतकं देखणं आहे की बारावीच्या मुलींना शिकवताना मलाही मोह होतो.

या कल्पनेचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते होते डेव्हिड हॉरोबिन नावाचे ब्रिटिश संशोधक. हुशार, वादग्रस्त आणि या तेलाच्या व्यापारातही स्वतः उतरलेले. ब्रिटनमध्ये या तेलाची दोन औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत: त्वचेच्या इसबासाठी एपोगॅम आणि छातीच्या दुखण्यासाठी एफामास्ट. २००२ साली तिथल्या औषध नियंत्रकांनी दोघांचेही परवाने काढून घेतले. कारण विषबाधा वगैरे नव्हतं. गुण येतो याचा पुरेसा पुरावा नाही, एवढंच. हॉरोबिन पुढच्या वर्षी वारले, तेव्हा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या त्यांच्या मृत्युलेखात इतकी झोंबरी भाषा होती की त्यावरूनही मोठा वाद पेटला. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहावं का, हा प्रश्न वेगळा. परवाने गेले ते गेलेच.

तरी गोळी खपतेच आहे. ब्रिटनमध्येही खपते, फक्त औषध म्हणून नाही तर पूरक आहार म्हणून. आपल्याकडेही बहुतेक डब्यांचं तेच. वहिनींच्या डबीच्या पाठीवर मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं होतं की हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही. कंपनीनं प्रामाणिकपणाच्या झटक्यात हे छापलं, असं समजू नका. पूरक आहाराच्या वेष्टनावर हे वाक्य छापणं आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सक्तीचं केलं आहे. चिठ्ठी म्हणते दिवसातून दोनदा घ्या, डबी म्हणते मी औषध नव्हे. ही दोन कागदपत्रं मी वहिनींसमोर शेजारीशेजारी ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचली आणि म्हणाल्या, “पण मला तर बरं वाटून राहिलं ना!”

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बरं वाटणं खोटं नसतं. प्रश्न असतो की ते कशानं वाटलं.

३० मे २०२४ ची गोष्ट नागपूरकर विसरलेले नसतील. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान नोंदवलं आणि देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की संवेदकच बिघडला होता. हे कळलं कशावरून? इतर काही केंद्रं त्याच दिवशी चव्वेचाळीसच्या आसपास दाखवत होती. एकच केंद्र असतं तर आपण ५६ अंश छातीठोकपणे नातवंडांना सांगितले असते. औषधाच्या चाचणीतही हे दुसरं केंद्र लागतं. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनकामाची, आणि कुणाला कुठली ते कुणालाच ठाऊक नाही.

या तेलाच्या बाबतीत ते झालेलं आहे. ब्रिटनमधल्या एका चाचणीत, जी १९९४ साली प्रसिद्ध झाली, हॉट फ्लशनं बेजार झालेल्या ५६ स्त्रियांना सहा महिने गोळ्या दिल्या. काहींच्या गोळीत प्रिमरोझचं तेल, काहींच्या गोळीत साधं लिक्विड पॅराफिन. एकंदरीत पाहता तेलाची सरशी दिसली नाही. छातीच्या दुखण्यावर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली. तिथे तुलनेला दुसरी साधी तेलं होती आणि दोन्हीकडच्या बायकांचं दुखणं सारखंच उतरलं. नीट बघा, उतरलं. दोन्हीकडे.

कारण पाळीबरोबर येणारं छातीचं दुखणं पाळीसारखंच असतं, चढतं आणि ओसरतं. पुष्कळ जणींचं ते काही महिन्यांनी आपोआप कमी होतं. माणूस दवाखान्यात जातो तो दुखणं सगळ्यात जास्त असताना. तिथून पुढे उतारच असण्याची शक्यता जास्त, मग हातात गोळी असो वा गंडा. त्यात ‘तीन महिने घ्या’ ही मुदत अशी काही बेमालूम आहे की श्रेय गोळीला गेल्याशिवाय राहत नाही.

मला गोळीपेक्षा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी वहिनींना विचारलं, डॉक्टरांनी हातानं तपासलं का? नाही. गाठ आहे का पाहिलं? नाही. दुखणं दोन्ही बाजूंना आहे की एकाच जागी, पाळीशी त्याचा काही मेळ आहे का, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, हे काही विचारलं? “गर्दी होती हो फार,” वहिनी डॉक्टरांचीच बाजू घेत म्हणाल्या. नुसतं दुखणं हे सहसा कर्करोगाचं लक्षण नसतं, हे खरं. पण ते तपासून मग सांगायचं असतं. आणि गंमत म्हणजे तपासून ‘काही नाही, घाबरू नका’ एवढं शांतपणे सांगितलं, तर त्या सांगण्यानंच कितीतरी जणींचं दुखणं निम्मं होतं, असं डॉक्टरच सांगतात. त्याच्या जोडीला नीट मापाची, आधार देणारी ब्रेसियर. वहिनी वर्षानुवर्षं बर्डीवर फूटपाथवरून एकाच मापाच्या घेत आल्या होत्या, मधल्या काळात अंगाचं माप बदललं तरी. गरज पडलीच तर वरून लावायचं वेदनाशामक जेल. हे चिठ्ठीवर लिहायला गोळीपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढंच.

हॉट फ्लशचंही तसंच. त्यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणून आजही हार्मोनचंच नाव घेतात. तो सगळ्यांना चालत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तर नाहीच. इतरांनी डॉक्टरांसमोर बसून नफातोटा मांडायचा असतो. पण हार्मोन म्हटलं की बायका दचकतात आणि फुलाचं तेल म्हटलं की निवांत होतात. वनस्पतीचं आहे, अपाय नाही. इथे रसायनशास्त्राच्या बाईला गप्प बसवत नाही. धोतराही वनस्पतीच आहे. हे तेल तसं सौम्य, कुणाला पोट बिघडतं, कुणाचं डोकं दुखतं. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा दिवस गेले असतील तर ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. पूरक आहार आहे म्हणून तो ‘कुठली औषधं घेता’च्या उत्तरात कुणी सांगतच नाही.

आता माझ्या माहेरच्या तेलाकडे येते. तेल म्हटलं की विदर्भातल्या माणसाला जवस आठवायलाच हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर जवस फेकतात. त्याला उतेरा म्हणतात. धान कापून नेलं की खालून जवस वर येतं आणि थंडीत त्या बांध्या निळ्या फुलांनी भरतात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर वर्षानुवर्षं काम चालत आलंय. सावजी रस्सा मूळचा जवसाच्या तेलातलाच, असं जुनी माणसं सांगतात. आमच्याकडे आजी भाकरी कुस्करून, त्यावर चटणी घालून, मधे खळगा करून कच्चं जवसाचं तेल ओतायची. त्याचा वास सगळ्यांना झेपत नाही. मला आवडतो.

म्हणून मैत्रिणी म्हणतात, प्रिमरोझ सोडा, आपलं जवस घ्या, त्यात ओमेगा तीन आहे. आहे, भरपूर आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा लिनोलेनिक आम्ल असतं, तेच हे ओमेगा तीन. मासे न खाणाऱ्या घरात ओमेगा तीनसाठी इतका तगडा स्रोत क्वचितच मिळेल. माशांत मिळतात ती पुढची आम्लं शरीर यापासून थोड्या प्रमाणात बनवतं, आणि हे काम बायकांच्या शरीरात पुरुषांपेक्षा बरं चालतं. पण आपलं म्हणून जवसाला मी सूट देणार नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ साली एका छोट्या अभ्यासात स्त्रियांना जवसाची भरड दिली, तेव्हा हॉट फ्लश निम्म्यावर आले. तुलनेचा गट नव्हता. मग तुलनेचा गट घेऊन १८८ स्त्रियांवर चाचणी केली, जवस घातलेल्या वड्या एकीकडे आणि बिनजवसाच्या दुसरीकडे. दोन्ही गटांत फ्लश सारखेच कमी झाले. झालं, पुन्हा दुसरं हवामान केंद्र.

जवसाचा खरा गुण जरा गद्य आहे. पोट साफ होतं. आणि भरड नेमानं खाल्ली तर कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये. नुसत्या तेलानं मात्र तसं दिसत नाही, कारण तंतू आणि कवचातली लिग्नान नावाची द्रव्यं पेंडीत जातात, तेलात उतरत नाहीत. म्हणजे इथेही कॅप्सूलपेक्षा चटणी सरस.

चटणीला जवस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजायचं. आधी काही होत नाही, मग एकदम तडतडायला लागतं आणि कढईबाहेर उड्या घेतं, तेव्हा वरून चाळणी धरायची. तडतड मंदावली आणि खमंग वास सुटला की उतरवायचं. एक मिनिट उशीर झाला तर कडू. लाल मिरच्या, लसूण, जिरं, मीठ. खलबत्त्यात कुटलं तर उत्तम, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचं, नाही तर तेल सुटून गोळा होतो. बी आख्खी गिळून उपयोग नाही. कवच इतकं गुळगुळीत आणि चिवट की जशी गेली तशीच बाहेर पडते.

तेल आणायचंच तर इतवारीतल्या घाणीवरून, लहान बाटलीत, आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. रेणूतल्या ज्या दुहेरी बंधांमुळे जवसाचं तेल गुणाचं, त्याच बंधांवर हवेतला ऑक्सिजन झडप घालतो. म्हणूनच सुतार हे तेल लाकडावर चढवतात. ते वाळून घट्ट, चकचकीत थर होतो. जुन्या वाड्यांच्या दारांना आणि क्रिकेटच्या बॅटींना तेच लावत आले. दाराला जे व्हायला हवं ते बाटलीत व्हायला नको. खवट वास आला की फेकून द्यायचं, जीव कितीही तुटो. फोडणीला वापरू नये, तापलं की बिघडतं. मग जुन्या सावजी रश्श्याचं काय? तो ओमेगा तीनसाठी कुणी खात नव्हतं.

हे सगळं मी वहिनींना टप्प्याटप्प्यानं सांगितलं. फळ्यावरची आकृती, परवाने, लिक्विड पॅराफिन, सगळं. त्या मन लावून ऐकायच्या आणि रात्री जेवणानंतर गोळी घ्यायच्या. मग एकदा डबी हातात फिरवताना त्यांना तो तपकिरी चौकोन दिसला, आत तपकिरी त्रिकोण. “हे काय?” मांसाहाराची खूण. तेल फुलाचं असलं तरी वरचं मऊ कवच जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांतून येतं. वहिनी एकादशीला कांद्याची सुरीसुद्धा वेगळी ठेवणाऱ्या. डबी टेबलावरून जी उचलली ती सरळ दाराजवळच्या खिडकीत. दोन देशांतल्या चाचण्यांना जे जमलं नव्हतं, ते त्या त्रिकोणानं एका क्षणात केलं. पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे जाऊन आल्या. तपासणी झाली, वयाप्रमाणे मॅमोग्राफी झाली, काही निघालं नाही. छाती अजून अधूनमधून दुखते. पण आता त्या ते सांगतात, झाकत नाहीत.

डबी खिडकीतच होती. अर्ध्याहून जास्त भरलेली, आणि टाकून द्यायला मन होईना. वहिनींनी ती भांड्याला येणाऱ्या ताईंना देऊ केली. त्या मांसाहार करतात, त्यांना त्रिकोणाचं काय. मी तिथेच बसले होते.

ताईंनी हात पुसून डबी घेतली, उघडून वास घेतला. “कायची व्हय ही?”

“ताकदीची,” वहिनी म्हणाल्या.

“मंग तुमी काहून सोडली?”

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, ताई, ताकदीची नाही ती, कामाची पण नाही. त्यांनी डबी परत टेबलावर ठेवली. म्हणाल्या, दवाखान्यात रक्त कमी सांगितलंय, लोहाच्या गोळ्या फुकट दिल्यात, त्याच संपत नाहीत, यात अजून एक कुठं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी चोपन्न टक्के रक्तक्षयी निघाल्या होत्या. भिशीच्या गटात लोहाच्या गोळीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही.

“का संपत नाहीत?”

“मळमळते ना बाप्पा. उपाशीपोटी सांगितली, चहासंग घेतो तरी उलटी येते.”

चहासोबत घेतली तर लोह अंगी फारसं लागत नाही, मी म्हटलं. चहा दीड-दोन तासांनी. मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्या, जेवणात लिंबू पिळा, आणि तरीही जमलं नाही तर सोडून देऊ नका, गोळी बदलून मागा.

“बदलून देते का सरकारी?”

मला नक्की ठाऊक नव्हतं. विचारून सांगते म्हटलं आणि त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवायला सांगितला. त्या म्हणाल्या, मुलाच्या फोनवरून पाठवते, रात्री आठनंतर.